रकान्यातला एक शब्द

मी हुशार नव्हते, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टर व्हायची हौस मात्र अशी होती, की जशी काही हुशारी तिच्यामागून आपोआप चालत येणार होती.

आमचे बाबा मध्य प्रदेशात, सौसरला सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, टाके काढायचे. लोधीखेड्याकडची माणसं त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायची, आणि बाबा दर वेळी सांगायचे, "मी डाक्टर नोहो बाप्पा, मी पट्टीवाला आहो." मला त्याचा भारी राग यायचा. म्हणायचे आहेत तर म्हणू द्यावं ना! घरात एक तरी खरा डॉक्टर हवा, हे मी आठवीतच ठरवून टाकलं होतं.  मग दवाखान्यातून टाकून दिलेला, कोपरे फाटलेला हाडांच्या सांगाड्याचा तक्ता बाबांनी आणला आणि चुलीच्या धुरापासून लांबच्या भिंतीवर लावला.

तेव्हा बोर्डाची परीक्षा अकरावीला असायची, त्यात मला थर्ड डिव्हिजन मिळाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! घरी मराठी आणि शाळेत हिंदी, म्हणून असं झालं, हे मी बरेच दिवस सांगत फिरले. पण माझ्याच बाकावरची मुलगी त्याच दोन भाषांत फर्स्ट आली होती, तेव्हा ते कारण मी फार ताणत नाही.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात बायो घेऊन बी.एस्सी.ला नाव घालायचं आणि मग पीएमटी, म्हणजे डॉक्टरकीची परीक्षा द्यायची, असा माझा बेत होता. तिथला बाबू म्हातारा होता आणि मनानं चांगला होता. माझी मार्कशीट पाहून म्हणाला, "बिटिया, थर्ड डिवीजन में जनरल से बायो नहीं मिलेगा. तहसील से जाति का प्रमाणपत्र ले आओ, रिज़र्व में हो जाएगा." मग त्याचं लक्ष फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्याकडे गेलं. आवाज खाली आणून तो बाबांना म्हणाला, "ये बौद्ध काट दीजिए. बौद्ध पर प्रमाणपत्र नहीं बनता. हिंदू लिखिए, सब लिखते हैं."

कायदाच तसा होता तेव्हा. धर्म बदलला की सवलत गेली. पलीकडे नरखेडला माझ्या मामाची पोरं उघड उघड बौद्ध लिहून शिकत होती, कारण ते महाराष्ट्रात आणि आम्ही मध्य प्रदेशात. बाबूचं "सब लिखते हैं" हेही खोटं नव्हतं. आमच्या वस्तीत कितीतरी घरांत भिंतीवर एक धर्म होता आणि ट्रंकेत दुसरा.

पण बाबा त्यांतले नव्हते. तरुणपणी आजोबांसोबत ते नागपूरला दीक्षेला गेले होते. दर पौर्णिमेला विहारात ते सगळ्यांच्या पुढं उभे राहून वंदना म्हणायचे आणि वस्ती त्यांच्या मागून म्हणायची. दर वर्षी दीक्षेच्या दिवशी बावीस प्रतिज्ञाही तेच वाचायचे. एरवी खालमानेनं बोलणारा हा माणूस तेव्हा ताठ उभा असायचा.

"लिहीन तं बौद्धच लिहीन," बाबा बाबूला म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. पहिल्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दवाखान्यातून आले, हात धुऊन बसले, आणि मी तोंड सोडलं. "तुमचा शब्द राहीन अन् माही जिनगानी जाईन. तुम्ही जलमभर पट्टीवाले राह्यले, आता मलेबी पट्टीवालीच ठेवा!"

माय ओरडली, "अवं, कोनाशी बोलून राह्यली तू?"  बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

शनिवारी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला, तोच जो ते पौर्णिमेला घालायचे, आणि मला म्हणाले, "चाल."

सौसरच्या तहसीलबाहेर कडुनिंबाखाली एक अर्ज लिहिणारा बसायचा. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, जात विचारली. बाबांनी सांगितली. मग तो म्हणाला, "धरम?"

बाबा खाली बघत होते. अर्ज लिहिणाऱ्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "हिंदू."

माझ्याच तोंडून तो शब्द गेला. बाबांनी खिशातलं पेन काढून सही केली, टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात दिलं. ते परत खिशाला लावलं नाही. आतल्या कारकुनाच्या आईच्या पायाची जखम बाबांनी महिनाभर धुतली होती, म्हणून दुपारपर्यंत शिक्का मिळाला.

लगेच पांढुर्ण्याची बस धरली. शनिवार होता. जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन आलेली माणसं कपाळाला शेंदूर लावून बसमध्ये चढली. आमच्या शेजारी बसलेल्या बाईनं सगळ्यांना खोबऱ्याचा प्रसाद दिला. अशा वेळी बाबा हात जोडून हसून म्हणायचे, "आम्ही नाई घेत, माय." कोणी वाईट वाटून घेत नसे. त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला. तुकडा मोडून अर्धा मला दिला.

"खा," ते म्हणाले. "कागदावर तं झालोच ना."

मी खाल्लं. खोबरं गोड होतं, हेही आठवतं आणि त्याची आजही लाज वाटते.

मला बायो मिळालं. पुढच्या पौर्णिमेला बाबा विहारात गेले आणि मागच्या रांगेत, चपला काढतात तिथं बसले. लोकांनी पुढं बोलावलं, तर म्हणाले, "घसा बसला." तो बसला तो बसलाच. वंदना दुसरे कोणी म्हणू लागले. प्रतिज्ञाही. वस्तीत कोणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती, तसलाच कागद ज्याच्या त्याच्या ट्रंकेत होता. मी एकदा बाबांना तसं म्हणालेही, "तुम्ही काई एकलेच नाई." ते म्हणाले, "त्यायचं त्यायच्यापाशी."

पीएमटी मी त्याच पेनानं दिली. पहिल्यांदा नापास झाले. दुसऱ्यांदा त्याहून कमी मार्क पडले. तिसऱ्यांदा फॉर्म भरलाच नाही. बी.एस्सी. रखडत रखडत पुरी झाली, पुन्हा थर्ड डिव्हिजन. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. आमच्या घरातून तर धुपाटणंही आजोबांनी कधीचंच बाहेर टाकलं होतं. पुढं मी दवाखान्यातच लागले, रक्त तपासायच्या खोलीत. काचा धुवायला.

नंतर काही वर्षांनी कायदा बदलला. बाबा रिटायर झाले होते. पेपरातली बातमी त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "आता बौद्ध लिहिलं तरी चालते म्हनते."

मग बसची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मंग आता मले पुढं उभं राह्यता येते काय, बाई?"

मी म्हणाले, "हो बाबा, येते ना." लगेच म्हणाले.

त्या पौर्णिमेला मी मुद्दाम त्यांच्यासोबत विहारात गेले. पांढरा शर्ट त्यांनी घातला होता. दारातून आत आले, क्षणभर पुढं पाहिलं, आणि चपलांजवळ जाऊन बसले.