मांडणी आणि नेट

माझा मुलगा मला टीव्हीवर दिसतो असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या देशात असतो? देशात कसला, चाकणच्या पुढे असतो. मी कासारवाडीत. मध्ये भोसरी आणि मोशी. पण त्या रस्त्यावर ट्रेलर आणि कंपनीच्या बस अशा अडकून पडतात की तो म्हणतो, "आई, यायला-जायला अख्खा रविवार जातो. त्यापेक्षा व्हिडिओ करू."

फोनवर मला त्याचं तोंड बोराएवढं दिसायचं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. तो हसतोय की वैतागलाय ते कळायचं नाही. मी तसं बोलून दाखवलं, तर एक दिवस तो भला मोठा टीव्ही घेऊन आला. भिंतीला बसवला, वायफाय घेऊन दिलं, फोनमधलं चित्र टीव्हीवर कसं पाठवायचं ते शिकवलं, चहा प्यायला आणि गेला.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी फोन तांब्याला टेकवून ठेवते, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून कॉटवर बसते आणि समोर मुलगा, सून, नात बघते. बघायला मिळायला पाहिजेत, पण टीव्ही नेटला धरून राहीना. नातीनं तोंड उघडलं की ते तसंच उघडं राहायचं. मग एक गोल फिरत बसायचा, मग काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. मी चौथीपर्यंत शिकले, तीही मराठी शाळेत. फोनमधून आवाज तेवढा तुटक तुटक यायचा.

"आई, दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"राउटर बंद करून चालू कर."

मी उठायचे, स्वयंपाकघरात जाऊन बटण बंद-चालू करायचे, परत येऊन बसायचे. तोवर नात ओरडायची, "आज्जी परत फ्रीज झाली!" असे कितीतरी रविवार गेले. ती कुठल्या शाळेत जायला लागली हे मला शेजारणीकडून कळलं. सुनेनं तिला सांगितलं होतं.

टीव्हीवाल्यांना फोन केला. एक माणूस आला. त्यानं टीव्हीची भाषा मराठी करून दिली, तेवढं एक काम चांगलं केलं. मग मला शिकवलं. वायफायचं नाव येतं, त्यावर दाबायचं, खाली लिहिलेलं येतं 'नेटवर्क विसरा', ते दाबायचं. मग परत जोडायचं.

"आधी विसरायचं कशाला?" मी विचारलं.

"तसंच असतं आजी. जुनं डोक्यात राहिलं की घोळ होतो."

मी बरेचदा विसरायला लावलं. टीव्ही विसरायचा, मी परत ओळख करून द्यायचे, आणि थोड्या वेळानं तो परत तोंड फिरवायचा.

मग वायफायवाला आला. त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून फोन दाखवला. "बघा, इथं फुल आहे."

"मी इथं बसून मुलाला बघत नाही," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून मांडणीकडं बघितलं. वायर मागच्या खिडकीतून आत येते, म्हणून वायफायचा डबा तिथंच, भिंत आणि मांडणी यांच्या मध्ये बसवलेला. "ही भांडी आडवी येतायत. स्टील-पितळेतून सिग्नल पार होत नाही. नाहीतर वायर वाढवून पुढच्या खोलीत घेऊ. उद्या येतो."

त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही. फोन केला की "निघालोच" म्हणतो.

भांड्यांचं मुलगाही म्हणाला होता. पण मला वाटलं, हे त्याचं जुनं तुणतुणं. लग्न झाल्यापासून तो ही मांडणी भंगारात दे म्हणून मागं लागलेला. त्याच्या फ्लॅटमध्ये सगळं फळ्यांच्या दारामागं असतं, पाण्याचा पेलासुद्धा शोधावा लागतो.

नवरात्राच्या आधी मी घर काढते. सगळी भांडी उतरवून, चिंच लावून, घासून दारापुढं उन्हात पालथी घातली होती. मध्येच रविवार आला. त्या दिवशी टीव्ही एकदाही तुटला नाही. घट बसायच्या आधी भांडी जागेवर गेली, आणि पुढच्या रविवारी नात परत तोंड उघडं टाकून बसली. आता मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

मांडणी हलवायला दुसरी भिंत नाही. एका भिंतीला ओटा, एकीला फ्रीज आणि दार, एकीला खिडकी. मी मांडणीसमोर स्टूल टाकून बसले. काही भांडी माझ्या लग्नातली, काही पिंपरीच्या कंपनीतून नवऱ्यानं दर दिवाळीला आणलेली. प्रत्येकावर ह्यांचं नाव कोरून घेतलेलं, कारण तेव्हा गल्लीत कुणाचं लग्न असलं की भांडी जायची आणि नाव बघून परत यायची. गावाकडचं कुणी ना कुणी नोकरी शोधायला येऊन राहायचं, दीर राहायचा, भाचे राहायचे. भाताचं पातेलं दोघींना उचलावं लागायचं. आता माझा भात चहाच्या भांड्यात होतो. भांडी वरती चकचकीत बसलेली, आणि मी त्यांच्यासाठी दर वर्षी चिंच भिजवते.

गल्लीच्या टोकाला बीडकडची एक बाई कंपनीतल्या पोरांचे डबे करते. तिला बोलावलं.

"मावशी, येवढी समदी?" ती दारातच थांबली.

"सगळी. एक ताट, एक पातेलं, तांब्या, तवा आणि कढई मला राहू दे."

तिनं परात उचलून उजेडात धरली. "नाव हाय की ह्याच्यावर मालकाचं."

"असू दे. ते पुसून जात नाही."

"पोरं इचारतील ना, ह्यो कोण म्हणून."

"सांग, भांड्यांचा मालक. वारला."

ती हसली, मग हसू की नको असं तिला झालं. "आन् तुमच्याकडं पाव्हणे आले मंग?"

"तुझ्याकडं पाठवीन जेवायला."

दोन फेऱ्यांत सगळं गेलं. मांडणीवर पट्ट्या उरल्या, आणि त्यातून मागचा वायफायचा डबा दिसायला लागला, हिरवा दिवा लुकलुकत.

रविवारी लावलं. चित्र आलं आणि राहिलं. मुलगा समोर, माझ्या डोक्याएवढं त्याचं डोकं. कानाजवळ केस पांढरे झालेत, हे मला त्या दिवशी दिसलं.

"दिसतंय का?" तो म्हणाला.

"दिसतंय."

"आवाज?"

"येतोय."

झालं. पुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. इतके दिवस तेवढंच बोलत होतो आम्ही. नातीनं येऊन शाळेची वही दाखवली आणि पळाली. सून म्हणाली, "तब्येत?" मी म्हटलं, "बरी." गोलही फिरेना की उठून काही बंद-चालू करावं.

मग तो पुढं वाकला. "आई, मागं मांडणीवरची भांडी कुठं गेली?"

"दिली."

"सगळी? परातसुद्धा?"

"सगळी."

"अगं, त्या परातीत तू मला आंघोळ घालायचीस."

"तू भंगारात दे म्हणत होतास."

"मांडणी म्हणत होतो. परात..." तो थांबला. "रिकामं रिकामं दिसतंय गं घर."

"नेट पाहिजे होतं ना?"

"कुणाला दिलीस?"

"डबेवालीला. गल्लीतच आहे. परात पाहिजे तर येऊन माग. देईल ती."

तो काही बोलला नाही. पूर्वी असं झालं असतं तर मी समजले असते, नेट गेलं. त्या दिवशी चित्र स्वच्छ होतं. त्यानं खाली बघितलं, मांडीवरच्या दुसऱ्या फोनकडं, अंगठा हलवला आणि परत वर बघितलं.

"बघतो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी जमतंय का ते. मोशीला काम चालूय रस्त्याचं."

"बघ," मी म्हटलं, आणि तांब्याला टेकवलेला फोन उचलून बंद केला. टीव्ही जोडलेलाच होता. वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण, एकही रेघ कमी नाही.