रविवारची विनंती

पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये एक आंटी येतात. प्रत्येक वाक्याला त्या "नाही का?" जोडतात आणि समोरच्यानं मान हलवेपर्यंत पुढे बोलत नाहीत.

परदेशात एका चर्चवर हल्ला झाला, त्यानंतरच्या रविवारी सगळेच धास्तावलेले होते. मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, लोक उठून विनंत्या मांडतात, त्या वेळी एक गृहस्थ उठून म्हणाले, "प्रभू, या मुसलमानांपासून आमचं रक्षण कर."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," प्रत्येक विनंतीनंतर म्हणतात तसं सगळे एका सुरात म्हणाले.

मग बाकाची कड घट्ट धरून आंटी उठल्या. "माझ्या शेजारच्या नसीमासाठी. काल ती विचारत होती, तुमचे लोक आता आमच्याशी बोलतील ना? प्रभू, तिचं आमच्यापासून रक्षण कर."

चर्च चिडीचूप झालं. मागच्यांच्या नजरा मला मानेवर जाणवत होत्या. "आमची प्रार्थना ऐक," मी म्हणाले, पण आवाज फारच बारीक निघाला. फादरांनी घाईनं पुढची विनंती सुरू केली.

बाहेर फाटकाशी घोळका उभा होता. आंटींनी माझा दंड धरला. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी आले नाही, तर घरी येऊन मला घेऊन जा." त्या दिवशी त्यांच्या एकाही वाक्याला "नाही का?" नव्हतं.