विहिरीला दिलेला निरोप

दोन हजार एकच्या मे महिन्यात गाव सोडलं तेव्हा माझ्या अंगात खास अमेरिकेसाठी शिवलेला लोकरी कोट होता. बॅगेत मावेना म्हणून घातलेला. कुडाळच्या उन्हात उकडलेल्या सुरणासारखा वाफाळत मी जीपमध्ये चढलो. आई खिडकी धरून म्हणाली, "राखणदाराक नारळ ठेव आणि सांगान जा रे. न सांगता गेलल्याची तो वाट बघीत रवता."

राखणदार म्हणजे आमच्या शिवेवरचा, झाडाखालचा काळा दगड. गावाबाहेर निघालेल्यानं त्याच्यापुढे उभं राहून 'येतंय' म्हणायचं. 'जातंय' नाही. आपल्याकडे जाणारा माणूस 'येतो' म्हणूनच जातो. मला विमानाची घाई. "पुढच्या खेपेला दोन नारळ ठेवीन," म्हटलं. जीप दगडासमोरून गेली तेव्हा मी कोटाची बटणं काढत होतो.

अमेरिकेत एडिसनला पोचलो आणि पाच महिन्यांत कंपनीनं माझा प्रोजेक्ट कॅन्सल केला, पाठोपाठ मलाही. बायकोच्या व्हिसावर बिऱ्हाड तरलं. ती ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि भर दुपारी घरात इंजिनिअर पोळ्या करतोय. तेव्हाच शेजारची मार्गितआजी माझ्या नजरेत भरली. रोज बाराला ती मागच्या अंगणात यायची, हातातलं काम खाली ठेवायची आणि पूर्वेकडे कान करून उभी राहायची. दोन-तीन मिनिटं. मग आत. भर बाराला विहिरीकडे फिरकू नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. इथे विहीर नव्हती, तरी मी पडदा ओढून घ्यायचो. अमेरिकेत येऊन घाबरायचं तर निदान इकडच्या गोष्टींना घाबरावं, पण नाही.

एक दिवस ती खसखशीचा रोल घेऊन दारात आली. "तू रिकामाच असतोस ना? माझं गाव टाइप करून दे."

तिचं गाव हंगेरीतलं. चिमुकलं. नातवंडांसाठी त्याचा इतिहास लिहून ठेवायचा होता. पहिल्या ओळीत तिनं स्वतःचं नाव घालायला सांगितलं, आडनाव आधी आणि नाव मागून, अगदी आमच्या शाळेच्या हजेरीपटासारखं. तिकडे तशीच रीत. मला गंमत वाटली.

मग रोज थोडं थोडं गाव उभं राहायला लागलं. चर्चचा पिवळा मनोरा. त्यातल्या तीन घंटांपैकी दोन पहिल्या महायुद्धात तोफा ओतायला नेलेल्या, उरलेली एक रोज बाराला वाजते. शाळेच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं. वेशीवर दगडी क्रूस, बाहेर जाणारा त्याला हात लावून जातो. आणि शेवटच्या घरासमोर विहीर. तिचा फोटो बघून मी ओरडलोच, "अगं, ही तर आमची लाट!" उभा खांब, त्यावर आडवा वासा, एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला बादली. दगड खाली आला की पाणी वर. अशाच लाटेनं माझ्या आजोबांनी पोफळी शिंपली होती.

पण सांगताना आजी आठवत नसे, बघत असे. "आता डावीकडे वळ. जपून, इथे चिखल असतो," असं म्हणायची आणि स्वतःचे पाय वर घ्यायची. महिन्याभरात मला ते गाव पाठ झालं. एकदा टपालपेटीकडून येताना कोरड्या काँक्रीटवर मी पॅन्ट वर खोचली आणि लांब टांग टाकली. बायको खिडकीतून बघत होती. "नोकरी शोध," एवढंच म्हणाली.

विहिरीपाशी आलो की मात्र आजी "आज पुरे" म्हणून उठायची. शेवटी एकदा बोलली. एकोणीसशे छप्पनचा उठाव चिरडला गेला तेव्हा, एकोणीस वर्षांची असताना ती देश सोडून पळाली. दुपारचे बारा वाजत होते, आई लाटेपाशी पाणी काढत होती. मार्गित तिला म्हणाली, "मिन्द्यार्त योव्होक." माझ्या उच्चारावर ती पोट धरून हसायची, पण अर्थ साधा: लगेच येते. क्रुसाला हात न लावता ती गेली. आई मरेपर्यंत रोज बाराला ताजं पाणी काढून ठेवत राहिली.

"आणि मेल्यावर?" मी विचारलं.

"इलोना समोरच राहते, माझी चुलत बहीण. ती लिहिते, लाट अजून बाराला खाली जाते आणि वर येते."

"वारा असेल."

"वाऱ्याला तहान लागत नाही," आजी म्हणाली.

दोन हजार सहाच्या सुमारास मला पुन्हा नोकरी होती, आणि आजीला हृदयाचं दुखणं. मी गावी निघालो तर तिनं हात धरला. "वाटेत उतर. आईला सांग, नेम योव्होक. येत नाही म्हणावं. तिला थांबव, दमली असेल."

बायको म्हणाली, "स्वतःच्या आईकडे जाताना वाट वाकडी करून दुसऱ्याच्या आईला भेटणारा तूच एकटा!"

गाव मी टाइप केलं होतं तसंच निघालं. डावीकडे वळलो, चिखलही होता. इलोनाबाईंनी मला विहिरीपर्यंत नेलं. घंटा वाजायला लागली तशा त्या छातीवर क्रूस करून घरात गेल्या, दार लावून घेतलं. वारा नव्हता. करकोचेही चूप. मी लाटेसमोर उभा राहिलो आणि आधी रीतसर नाव सांगितलं, आडनाव आधी, हजेरी दिल्यासारखं. मग निरोप. वाक्य विमानभर घोकलं होतं. पण निरोप घेताना या जिभेनं जन्मात कधी 'येत नाही' म्हटलेलं नाही. तोंडातून निघालं, "मिन्द्यार्त योव्होक."

वासा कुरकुरला. बादली सावकाश खाली गेली. वर आली तेव्हा काठोकाठ भरलेली होती आणि जराही हिंदकळली नाही.

मी पळालो. बसस्टॉप कुठे आहे ते मीच टाइप केलेलं, म्हणून वाचलो. पुढे गावी पोचल्यावर राखणदाराला दोन नारळ ठेवले, 'येतंय' मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कुठे घाम सुकला.

परतल्यावर आजीनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग तिनं काय केलं?"

"पाणी काढलं."

"न येणाऱ्यासाठी ती पाणी काढणार नाही," आजी म्हणाली. मी मान खाली घातली. आजी रागावली नाही. माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं. पुन्हा 'येते' म्हणायचं मला धैर्यच नव्हतं."

त्याच आठवड्यात ती वारली. बाराला, अंगणात. इलोनाबाईंचं पत्र आजीच्या मुलानं मला वाचून दाखवलं. त्या दिवसापासून लाट हललेली नाही.

तिकडच्यांनो आणि इकडच्यांनो, घर कुठलं म्हणून विचारता, तर मी आता एवढंच सांगतो: जिथे 'येतो' म्हणून निघालात, तिथलं देणं उभं असतं. मी 'येतो' दोन गावांत म्हणून बसलोय.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. "कोणतरी बाईमाणूस भर बाराक बेड्यार, फाटकाकडे येऊन तुका हाक मारता रे. भाषा आपली न्हय. आणि आडनाव आधी घेता, मास्तरणीसारख्या."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगतलंय?" आई म्हणाली. "म्हटलंय, तो येतलो."