देवीच्या नावाचा बोकड

नवरा निमलष्करी दलात. दूरच्या जंगलातल्या एका डोंगरावर अतिरेक्यांविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली आणि त्याचा फोन लागेना. तेव्हा सासूबाईंनी देवीला नवस बोलला, घरच्या शेळीच्या एका करडाच्या कानाला खूण म्हणून चीर दिली आणि ते मोकळं सोडलं. देवीच्या नावाचं जनावर, त्याला हाकलायचं कुणी? शेजाऱ्यांचा हरभरा, दोरीवर वाळत घातलेली माझी ओढणी, सगळं त्यानं बिनघोर फस्त केलं. मला त्याचा भयंकर राग यायचा. पण एखाद्या दिवशी ते दिसलं नाही की जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

त्या करडाचा बोकड झाला तेव्हा टीव्हीवर बातमी आली, मोहीम फत्ते झाली, डोंगर मोकळा झाला. आमच्या तामलवाडीत फटाके वाजले. नवऱ्याचा फोन आला दुसऱ्या दिवशी. जेवलीस का, एवढंच त्यानं विचारलं आणि मी शेजारणीसमोर हंबरडा फोडला.

तो रजेवर आला तशी कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण, ठरली. गावच्या मुलाण्यानं बोकड कापला, दुपारी अंगणात नवसाची पंगत बसली. ताटावर कुणीतरी विचारलंच, तिकडची कटकट आता कायमची मिटली ना?

नवरा रश्श्यात भाकरी चुरत होता. "ह्योच डोंगर आमी मागंबी मोकळा केला हुता," तो म्हणाला. "आमी खाली उतरलो, ते परत वर चढले. ह्या बारी आमच्या मागनं रस्ता होत चाललाय, शाळा उघडलीय. टिकलं तर त्यानं टिकंल."

पंगत जरा हिरमुसली. फटाके वाया गेल्यासारखे झाले. मला मात्र इतकं हलकं वाटत होतं की डोंगराची फिकीर करायला मन तयारच नव्हतं. माणूस समोर बसून दुसऱ्यांदा रस्सा मागत होता.

रात्री भांडी घासताना मी सासूबाईंना म्हटलं, काम अर्धंच झालंय, तर नवस फेडायची एवढी घाई का केली?

"देवीला म्या डोंगराचं न्हाय, लेकराचं बोलले हुते," त्या म्हणाल्या. "लेकरू आलंय."

रजा संपली. त्याला एसटीत बसवून मी घरी आले, तर सासूबाई अंगणात नवं करडू मांडीत धरून बसलेल्या. कान धरायला त्यांनी मला हाक मारली.

मी आधी दोरीवरच्या ओढण्या काढून आत ठेवल्या. मग करडाचा कान धरला.