सत्तावीस जोड

कारखान्यात सगळे त्यांना काकाच म्हणत. तांब्याची नळी स्टेनलेस स्टीलच्या टाकीला जोडायची म्हटलं की काकांशिवाय पान हलत नसे. काम साधं नाही ते. तांबं आच भराभर पळवून नेतं, स्टील एकाच जागी धरून बसतं आणि जरा दुर्लक्ष झालं की काळं पडून रुसतं. ज्योत तांब्यावर जास्त, स्टीलवर बेताची, हा हिशेब काकांच्या मनगटातच बसला होता. पण एकतीस वर्षं ज्योतीकडे बघून माणूस थकतोच. काका इतके थकले होते की थकलोय म्हणायचाही त्यांना कंटाळा येई.

वर्षभर सगळं पिवळट दिसत होतं. बायको म्हणाली, "मोतीबिंदू असेल, दाखवून या." काका खेकसले, "डोळ्यांना काय धाड भरलीय?" खरं तर त्यांना भीती तीच होती. डोळे गेले की काम गेलं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

त्या दिवशी दूध गार ठेवायच्या तीन टाक्या तयार झाल्या. सत्तावीस जोड. नळ्यांत हवा भरून साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. जुन्या मालकांचा मुलगा आता मालक होता. तो खूश झाला. "काका, सकाळीच गाडी लावतो."

काका सामान आवरायला लागले, तर स्टीलच्या जोडात वितळवायच्या चांदीच्या काड्यांचं पुडकं फोडलेलंच नव्हतं. म्हणजे सगळे जोड फॉस्फरसच्या काडीने झाले होते. तांब्याला तांबं जोडायला ती उत्तम. स्टीलला लावली की जोड दिसतो देखणा, पण आतून बिस्किटासारखा ठिसूळ. चार-सहा महिने टाकी थरथरली की तुटलाच. तेव्हा चूक कोणाची, हे कोणालाच कळलं नसतं.

काका स्टुलावर बसून राहिले. घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं. मग उठले, मालकाला हाक मारली आणि एका जोडावर हातोडीचा बेताचा ठोका दिला. नळी टिचून हातात आली.

"अहो काका, हे काय?"

"चुकीची काडी लागली माझ्याकडून. सत्तावीसच्या सत्तावीस."

"तुमच्याकडून? दोन्हींचा रंग वेगळा असतो ना?"

"असतो. मलाच दिसत नाही आता."

मालकाने नळी हातात घेऊन तुटलेली कड पाहिली. "मग परत जोडणार कोण? दुसरं आहे कोण आपल्याकडे?"

"मीच जोडतो. आधीचं सगळं घासून काढतो. फक्त काडी…" काकांनी पुडकं त्याच्याकडे सरकवलं. "काडी तेवढी तुम्ही निवडून द्या."

मालकाने पुडकं फोडलं, एक काडी उजेडात धरून नीट पाहिली आणि पुढे केली. काकांनी ती न बघताच घेतली.