घराचा वास

कॉफीचा वास आला की मला परीक्षा केंद्राचा जिना आठवतो. परदेशातल्या विद्यापीठासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा देऊन मुलगी बाहेर आली, तेव्हा मी पाणी, थेपले, झेरॉक्स यादीप्रमाणे तपासत तिथं उभी होते. "घराच्या वासाबद्दल बोलायला लावलं. मी कॉफीचा सांगितला," ती म्हणाली. आमच्या गोडादऱ्याच्या घरात कॉफी कधी आलीच नव्हती; तिथं वास होता तिच्या पप्पांच्या शर्टाचा, ते कामाला जात त्या पलसाण्याच्या डाईंग मिलमधल्या कापडाच्या रंगाचा. "तो इंग्रजीत कसा सांगू, मम्मी? अडकले असते तर सीट गेली असती." सीट मिळाली. परवा फोनवर हसत म्हणाली, "आता माझ्या घराला खरंच कॉफीचा वास येतो." मी बरं म्हटलं, हातातला तिच्या पप्पांचा शर्ट धुवायला काढला होता की घडी घालायला, आठवेना.