इंजन चालू ठेव

"अण्णा, इंजन बंद करू नको!"

जीप कुणाच्याही दारात थांबली की सिस्टर उतरता उतरता हे ओरडायच्या आणि बॉनेटवर तळहातानं दोन थापा मारायच्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. पेट्रोल माझं जळायचं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो, पण चावीला हात लावायची माझी छाती व्हायची नाही.

असलं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याला बसलेलं कुणी पाहिलंच नाही. आमच्या सिस्टर तशा. जीपमध्येसुद्धा सीटच्या कडेवर टेकायच्या आणि एक पाय बाहेर पायरीवर. मी म्हणायचो, "सिस्टर, नीट बसा की, पडाल." त्या म्हणायच्या, "तू म्होरं बघ. पोरगं काय तुझ्या सवडीनं येणार हाय व्हय?"

त्या बाळंतपणं करणाऱ्या सरकारी नर्स. गावात आल्या तेव्हा म्हैसूर राज्य होतं. पुढं त्याचं कर्नाटक झालं, हापिसांच्या पाट्या बदलल्या, सिस्टरच्या हातातली पिशवी तीच राहिली. गाव त्यांना 'सिस्टर अक्का' म्हणायचं. एकच नातं दोन भाषांत दोनदा म्हणतोय हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. आमच्याशी त्या मराठी बोलायच्या, लिंगायताच्या घरात कन्नड, आणि डोकं फिरलं की दखनी. "क्या तमाशा लगाको बैठे जी?" असा आवाज आला की अख्खी गल्ली ओळखायची, कुणीतरी बाई अडलेली आहे.

त्यांच्या बापानं धम्म घेतला तेव्हा त्या बिदरला नर्सिंग शिकत होत्या. आमच्याकडच्या काही घरांत त्यांना चहा वेगळ्या कपात यायचा. त्या तो प्यायच्या नाहीत. घाई आहे म्हणायच्या आणि निघायच्या. त्यांच्या घाईचं एक कारण तेही असावं, असं मला फार उशिरा वाटलं.

मी लिलावातली जुनी जीप घेऊन गाव ते बसवकल्याण माणसं वाहायचो. बसवकल्याणाला आम्ही नुसतं कल्याण म्हणतो. बाई अडली की सिस्टरचा निरोप यायचा आणि मी माणसं उतरवून तिकडं पळायचो. एकदा चिडून विचारलं, "सिस्टर, इंजन कामून चालू ठेवायचं? पेट्रोल काय विहिरीत लागतंय?"

"इंजन बंद पडलं की मानसं बसतात," त्या म्हणाल्या. "बसली की चहा ठेवतात. चहा ठेवला की कुनालातरी मुहूर्त आठवतो. इंजन धडधडत राहिलं की जरा भ्या ऱ्हातं."

तरी माणसं बसायचीच. नागम्माचं तसंच झालं.

नागम्मा मुडबीकडच्या एका शेतकऱ्याची पोर, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. भर दुपारी तिला जीपमध्ये घालायचं होतं. आधी आई चढली. मग आत्या. मग चुलती स्टो घेऊन, कल्याणला गेल्यावर बाळंतिणीला ऊन पाणी लागेल म्हणून. मग गादी. सासर त्याच गावात, मग कुणी म्हणालं, सासरचं माणूस नको का? दिराला बोलवायला पोर पळालं. दीर आला तर म्हणाला, मामाला विचारल्याबगर कसं न्यायचं? मामा बाजारात. इंजन धडधडतंय, सिस्टर बॉनेट बडवतायत, दखनी संपून कन्नड सुरू झालेली, आणि लोक आपले एकेक चढतायत. आमच्याकडं अशा वेळी जो जीपमध्ये बसला नाही त्याला माया नाही, असं धरतात. मग मागं कोण राहील?

शेवटी निघालो. ओझ्यानं जीपच्या स्प्रिंगचे पाटे एकमेकांवर बसले होते. कल्याणच्या अलीकडं चिंचेखाली थांबावं लागलं. सगळी उतरून सभोवार उभी राहिली. पोरगं आलं, पण रडलं नाही. सिस्टरनी त्याला उलटं धरलं, चोळलं, तोंडानं वारा भरला. पुष्कळ वेळ. मग आपल्या पदरानं पुसून नागम्माच्या आईच्या ओटीत ठेवलं. नागम्मा वाचली. ती नुसती चिंचेकडं बघत पडली होती.

परत येताना सिस्टर पहिल्यांदा नीट सीटवर बसल्या. पाय आत. मग म्हणाल्या, "अण्णा, तुझी जीप मोठी हाय. ह्येच वाईट झालं."

मला राग आला. खरंच आला. एवढं पळवलं, आणि दोष माझ्या जीपला! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

त्याच सुमारास त्यांची नोकरी संपत आली. नोकरी संपली की सरकारी क्वार्टर सोडायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बिदरला भाऊ होता, त्यानं आपल्या घराशेजारी त्यांच्यासाठी एक प्लॉट बघून ठेवला होता. आयुष्यभर साठवलेल्या पैशात प्लॉट आणि दोन खोल्या, बस्स, एवढंच होण्यासारखं होतं. सिस्टर मला जाता-येता त्या खोल्यांचं सांगायच्या. दाराशी लिंबाचं झाड लावणार. दुपारी झोपणार. "दुपारी झोपनं कसं असतंय रे अण्णा?" मला हसू यायचं.

आणि नेमकी तेव्हाच ती गाडी मध्ये आली.

त्या वेळी ती नवी इटुकली मोटार नुकतीच रस्त्यावर दिसायला लागली होती. आम्ही जीपवाले तिला काड्यापेटी म्हणायचो. कल्याणच्या एका कापडवाल्या अप्पांनी हौसेनं घेतली आणि वर्षात कंटाळले. त्यांचं एकत्र कुटुंब. जत्रेला निघालं की निम्मं घर गाडीत, निम्मं बसमध्ये आणि सगळं घर रुसव्यात. अप्पा मला म्हणाले, "गिऱ्हाईक असलं तर बघ. ह्या गाडीनं माझ्या घरात भांडनं लावली."

ही गोष्ट मी सिस्टरला गंमत म्हणून सांगितली. गंमत अंगाशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जीपजवळ हजर. "चल, गाडी बघून येऊ."

"कुनासाठी?"

"बघायला काय पैशे पडतात?"

भर बाजारात, दुकानासमोर गाडी उभी होती. सिस्टरनी तिला दोन फेऱ्या मारल्या, मागचं दार उघडलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ आत शिरून मागच्या सीटवर आडव्या झाल्या! पांढरं पातळ, पायात चपला, गुडघे दुमडून वर. गर्दी जमली. अप्पा गल्ल्यावरून धावत आले. "एनायितु अक्का? चक्कर आली काय?"

"काय झालं न्हाई. तुमच्या बायकोला बोलवा."

अप्पांची बायको अंगानं भरपूर. सिस्टरनी तिला आपल्या उशाला बसवलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, पाय एकदा इकडं, एकदा तिकडं करून पाहिले आणि छताकडं बघत म्हणाल्या, "मावतंय. व्हय, मावतंय की."

त्यानंतरचा महिना विचारू नका. घेऊ का नको, घेऊ का नको. सकाळी माझ्याकडं येऊन म्हणायच्या, "न्हाई रे, प्लॉटच बरा. म्हातारपनी काय गाडीत झोपू?" दुपारी निरोप यायचा, अप्पांना सांग गाडी विकू नका म्हणून. पिशवी या हातातून त्या हातात. चालता चालता मध्येच थांबायच्या, स्वतःशीच मान हलवायच्या, पुन्हा चालायला लागायच्या. लस टोचतानासुद्धा लोकांना विचारायच्या, आणि गाव काय, फुकटचा सल्ला द्यायला सदा तयार. पाटील म्हणाले, घ्यायचीच तर मोठी घ्या, दहा माणसं बसतील. मीही तेच म्हणालो. "सिस्टर, ह्या काड्यापेटीत चार मानसं. तुम्हाला चालवायला येत न्हाई. बाईबरोबरची मानसं कुठं टाकायची?"

सिस्टरनी हातातली पिशवी बॉनेटवर ठेवली. मग म्हणाल्या, "अण्णा, तुला अजून कळलं न्हाई व्हय? मानसं मावत न्हाईत म्हनूनच तर पायजे. मागं बाई, तिच्या उशाला एक बाई. म्होरं तू नि मी. संपलं. मी कितीबी वरडले तरी कुनाच्या मामाला खाली उतरवू शकत न्हाई. गाडीतच जागा नसली तर मामा काय टपावर बसनार हाय?"

जीप मोठी हे वाईट झालं, याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. चिंचेखालचं ते न रडलेलं पोरगं डोळ्यांपुढं आलं आणि माझे डोळे भरले. जीपमध्ये जागा आहे म्हणून मीच तर म्हणत होतो ना, चढा, चढा.

पण कळलं म्हणून काय होतंय? घराचा प्रश्न तसाच होता. भावानं दिवस ठरवून कळवलं, या, प्लॉटचे कागद करून टाकू. सिस्टर तयार झाल्या. नवं पातळ नेसल्या. मी त्यांना बिदरच्या बसला सोडायला निघालो तर वेशीतच एक माणूस आडवा आला. त्याची बायको अडली होती.

पुन्हा तोच खेळ. दारात जीप, इंजन चालू, आजी गाठोडं घेऊन चढतेय, सासरा चपला शोधतोय. त्या दिवशी मात्र सिस्टर ओरडल्या नाहीत, बॉनेटवर थापही नाही. दाराशी उभ्या राहून चढणारी माणसं नुसती बघत होत्या. त्यांना तसं स्तब्ध पाहून मला भीती वाटली. मीच खाली उतरलो आणि दोघांना हात धरून ओढलं. सासऱ्यानं मला शिवी दिली. कसेबसे पोचलो. दवाखान्याच्या पायरीवर पोरगी झाली आणि अशी किंचाळली की मी तिथंच हात जोडले.

सिस्टर हात धुऊन बाहेर आल्या. मी म्हणालो, "चला, दुपारची बिदर गाडी अजून मिळंल."

"कापडाच्या दुकानाकडं घे," त्या म्हणाल्या.

भाऊ दिवसभर बिदरच्या स्टँडवर वाट बघत बसला होता. त्यानंतर त्यानं बोलणं टाकलं.

जीप मी मेव्हण्याला दिली आणि काड्यापेटी चालवायला लागलो. जीपवाले हसले, हसू देत. नियम एकच: बाईच्या उशाला एकच बाई. दारात आई आणि सासू भांडायच्या, सिस्टर म्हणायच्या, "भांडा, पन लवकर भांडा, इंजन चालू हाय." नागम्माच्या दुसऱ्या खेपेला तिच्या आईनं सासूला स्वतः पुढं केलं आणि आपण दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. दिराला आणि मामाला कुणी विचारलंच नाही. आम्ही त्या चिंचेखालून न थांबता गेलो. मुलगा झाला. कल्याणच्या दवाखान्यात तो रडत होता आणि सिस्टर बाहेर येऊन गाडीच्या टपावर थापा मारत होत्या.

क्वार्टर सुटलं. सिस्टर विहाराच्या गल्लीत भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या. लिंबाचं झाड लावायला जागा नव्हती. दुपारी झोप लागत नाही म्हणायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं आणि त्यांना ते चालायचं नाही. "तू कामून तोंड पाडायलास? घर न्हाई तर न्हाई, गाडी हाय की दारात."

मग एका पावसाळ्यानंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. लपवलं त्यांनी. कल्याणच्या डॉक्टरनं तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, आजच बिदरला न्या.

मी गाडी दारात लावली. इंजन चालू ठेवलं. मागं वळून बघतो तर गल्ली बायकांनी भरलेली. सिस्टरला घरचं माणूस कुणी नव्हतं, आणि उशाला बसायला डझनभर बायका भांडत होत्या. पाटलाची सून होती, वेगळा कप ठेवणाऱ्या घरातली म्हातारी होती. "माझी तिन्ही पोरं त्यांच्या हातची," एक म्हणाली. "मला त्यांनी मरनातून काढलं," दुसरी. मला ओरडावं लागलं. "एकच! सिस्टरचा नियम हाय!"

नागम्मा मागचं दार उघडून बसली. तिला कुणी उठवलं नाही.

सिस्टर तिच्या मांडीवर डोकं ठेवून, पिशवी पोटाशी घट्ट धरून, गुडघे दुमडून आडव्या झाल्या. आरशात मला बघून हसल्या. "मावतंय की रे."

बिदरच्या दवाखान्यात पोचलो. मी उतरून धावलो, स्ट्रेचर आणलं. त्यांना उचलून घेताना त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"अण्णा, इंजन बंद कर आता. मला काय घाई न्हाई."

सगळं आयुष्य मी त्यांचं ऐकलं. तेवढं एक ऐकलं नाही. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं, तरी मी गाडी तशीच धडधडत ठेवली. वॉचमन येऊन दोनदा ओरडून गेला. टाकीत होतं नव्हतं तेवढं पेट्रोल संपलं आणि गाडी आपोआप बंद पडली. मान वर केली तर नागम्मा दारात उभी होती, हातात सिस्टरची पिशवी घेऊन.